खड्ड्यावरची मावशी

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका उंच लाकडी खोक्याला कान लावून, डोळे मिटून उभी होती. त्याच सकाळी मी त्या राईस मिलमध्ये सुपरवायझर म्हणून रुजू झालो होतो. खिशात डिप्लोम्याचा कागद होता, पायात भंडाऱ्याच्या बाजारातून घेतलेले नवेकोरे बूट होते. "काय झालं मावशी?" मी विचारलं. तिनं डोळे न उघडताच हात वर करून मला थांबवलं.

"चूप राह्य बाबू. जनी लंगडून राहिली."

जनी कोण, हे कळायला मला दोन दिवस लागले.

मिल कारध्याच्या पुढे, साकोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होती. मी रोज भंडाऱ्याहून सायकलनं वैनगंगेचा पूल ओलांडून यायचो. सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. हंगामात मिलसमोर बैलगाड्यांची रांग लागायची. हमाल धानाची चुंगडी पाठीवर घेऊन आत आणायचे आणि जमिनीतल्या एका खड्ड्यात रिकामी करायचे. खड्ड्यावर लोखंडी जाळी आणि एका अंगाला लाकडाची सरकती फळी. फळी उचलली की धान घसरत एलिव्हेटरच्या बुडाशी जायचं. एलिव्हेटर म्हणजे एक लांबच लांब पट्टा आणि त्यावर वीतवीत अंतरानं ठोकलेले पत्र्याचे डबे. हा पट्टा त्या लाकडी खोक्यातून तीस फूट वर जायचा. डबे खाली धान भरून घ्यायचे, वर पुलीवरून वळताना पालथे व्हायचे, आणि धान नळातून मोठ्या टाकीत पडायचं. तिथून मग ते आपल्याच वजनानं खाली येत राहायचं. आधी चाळणीत, मग टरफल काढणाऱ्या यंत्रात, आणि शेवटी तांदूळ होऊन पोत्यात.

फळी जास्त उचलली तर बुडाशी धान तुंबायचं, पट्टा घसरायचा, जळका वास सुटायचा. कमी उचलली तर वरची यंत्रं रिकामी फिरायची. ही फळी मावशीच्या हातात होती. पन्नाशीची, काटकुळी बाई. डोक्यावर तुसाची बारीक धूळ कायम असायची, त्यामुळे तिचे केस खरे किती पिकले होते ते कोणालाच सांगता आलं नसतं. ती खड्ड्याच्या काठावर एका उलट्या टोपल्यावर बसायची. एक हात फळीवर, दुसऱ्या हाताचा तळवा खोक्याला टेकलेला. दिवसभर.

एलिव्हेटर बसण्याआधी हे काम बाया करायच्या. तेव्हाची टाकी बुटकी होती. तेरा बाया डोक्यावर टोपली घेऊन फळ्यांच्या उतारावरून चढायच्या आणि धान ओतायच्या. एलिव्हेटर आला तशी बारा जणींना घरी पाठवलं. हिला ठेवलं, कारण पहिल्या आठवड्यात फळीवर बसवलेल्या प्रत्येक हमालानं पट्टा तुंबवला आणि हिनं एकदाही तुंबवला नाही.

त्या बारा जणींना तिनं आपल्या परीनं मिलमध्ये ठेवून घेतलं होतं. पट्ट्यावरच्या काही डब्यांना पोचे आले होते, त्यांचा आवाज इतरांपेक्षा निराळा यायचा. अशा बारा डब्यांना तिनं त्या बारा जणींची नावं दिली होती. खोक्याला तळवा लावून ती पुटपुटायची, "आता सरजा गेली. आता पारबता. आता जनी." नव्या माणसाला वाटायचं, बाईच्या डोक्यात काही बिघाड आहे. मलाही वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तिनं हट्टच धरला म्हणून मी पट्टा थांबवून खोक्याची खिडकी उघडली. एकेक डबा हातानं तपासत गेलो. पोचा आलेल्या एका डब्याचा बोल्ट निम्मा बाहेर आला होता. तीच जनी. आणखी अर्धा दिवस गेला असता तर तो डबा तुटून खाली पडला असता आणि त्यानं पट्टा फाडला असता.

"कस तिले," ती म्हणाली. मी बोल्ट कसला. पट्टा सुरू झाल्यावर तिनं पुन्हा कान लावला आणि हसली. "पाह्य, आता कशी ठुमकत चालली!"

तिची आणखी एक सवय होती. आलेल्या प्रत्येक गाडीतलं एक धान ती समोरच्या दातांखाली धरून फोडायची. कट्ट आवाज आला तर फळी उचलायची. दाणा दबला तर थुंकायची आणि गाडीवाल्याला सांगायची, "वापस ने, पसरव. तुझं धान अजून आंघोळ करून राहिलं." एकदा एका मोठ्या पाटलाच्या गाडीला तिनं असं परत लावलं. पाटील शेठकडे गेला. शेठ म्हणजे आमचे मालक, लठ्ठ, घाईचे, पण माणूस ओळखणारे. त्यांनी खड्ड्यापाशी येऊन तिला विचारलं. ती टोपल्यावरून उठलीसुद्धा नाही. दुसरा दाणा काढून शेठच्या हातावर ठेवला. "चाव." शेठनी चावला आणि पाटलाला धान उन्हात टाकायला अंगण दाखवलं.

पण तिचा खरा विक्षिप्तपणा खिळ्यांचा होता.

खड्ड्यामागच्या भिंतीत तिनं पाच खिळे ठोकून घेतले होते. वर टाकीत ज्याला उतरायचं असेल, टाकी झाडायला म्हणा, अडकलेलं धान मोकळं करायला म्हणा, त्यानं आधी येऊन आपली चप्पल तिच्या खिळ्याला टांगायची. अनवाणी हमाल असेल तर त्यानं दुपट्टा टांगायचा. खिळ्यावर काहीही लटकत असलं की ती फळी खाली दाबून, हात बांधून बसायची. शेठचे मेहुणे एकदा वर टाकी पाहायला निघाले तर तिनं त्यांना पॉलिश केलेले बूट काढायला लावले आणि नाडी बांधून ते खिळ्याला टांगले. ते परत येईपर्यंत खड्ड्यात एक दाणा हलला नाही. मुकादम बोंबलत होता.

शेठ पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, "आमची बाई धानाले लक्ष्मी मानते. पायतण घालून कोणाले वर जाऊ देत नाही." ती ऐकायची आणि फळी सरकवत राहायची. तिच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. लक्ष्मी तिच्या घरात कुठे होती? पण तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही.

माझं आणि तिचं पहिलं भांडण पुलीवरून झालं. मला काहीतरी करून दाखवायचं होतं. मी हिशेब केला आणि एलिव्हेटरच्या मोटरवरची पुली बदलून मोठी बसवली. पट्टा दीडपट वेगानं धावायला लागला. शेठ खूश. मावशीनं तळवा लावला, तोंड वाकडं केलं.

"बाबू, धान वर जाऊन वापस येऊन राहिलं."

"मावशी, तू फळी उचल. वेगाचं मी पाहतो."

"धानाले उचलावं लागते. तू फेकून राहिला त्याले. कान लाव इथं."

मला चारचौघांत तिच्या सांगण्यावरून खोक्याला कान लावायचा नव्हता. सगळे जेवायला गेल्यावर लावला. आत वाळू पडावी तसा सारखा आवाज येत होता. डबे इतक्या जोरात वळत होते की धान नळात न जाता पलीकडे आदळून पुन्हा खाली पडत होतं, पुन्हा भरलं जात होतं, पुन्हा आदळत होतं. त्या दिवसाच्या तांदळात कणी किती निघाली ते पोत्यात हात घालताच कळलं. तिसऱ्या दिवशी मी गुपचूप जुनी पुली बसवली. तिनं तळवा लावून पाहिला. दुपारी तिच्या डब्यातली अंबाडीची भाजी माझ्यापुढे सरकवली. "खा. वाईट नको वाटून घेऊ. शिकलेला माणूस हळूहळू ऐकते."

मी ती भाजी खाल्ली. पण बूट टांगायला मी तयार नव्हतो. मी सुपरवायझर. आणि आता लपवण्यात अर्थ नाही, ती कोण आणि मी कोण, हाही विचार त्यात होता. घरी कोणी मला असं शिकवलं नव्हतं, पण न शिकवताही तो अंगात होता. टाकीत उतरायची वेळ आली की मी हमालाला पाठवायचो. तो दुपट्टा टांगायचा आणि जायचा.

एकदा मी तिला विचारलं, "मावशी, तू इतकी वर्षं धान वर पाठवतेस. वर कधी गेलीस का?"

"नाही."

"का?"

"वर गेलेलं धान तांदूळ होऊन येते. मी काय होऊन येऊ?" आणि ती स्वतःच खो खो हसली. मीही हसलो. तिच्या हसण्यापुढे माझा प्रश्न कुठे गेला ते कळलंच नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात अवकाळी पाऊस झाला. धान ओलसर आलं. उन्हात घातलेलंही नीट वाळेना. शेठला सरकारी तांदूळ वेळेत द्यायचा होता, त्यामुळे मावशीचं थुंकणं त्या आठवड्यात कोणी मनावर घेतलं नाही. एका दुपारी टाकीतून खाली धान येणं बंद झालं. ओलं धान टाकीत एकमेकांना धरून बसलं होतं. हमाल जेवायला गेलेले. मी टाकीखालची झडप लावली, लांब बांबू घेतला आणि मागच्या शिडीनं वर चढलो. मागची शिडी टरफलाच्या यंत्राकडून होती. खड्डा तिथून दिसायचा नाही. मी मुद्दाम त्या बाजूनं गेलो.

टाकी माझ्या छातीएवढ्या धानानं भरलेली असावी असं वरून वाटलं. मी काठावरून बांबूनं ठोकत राहिलो. धान हलेना. मग मी आत पाय ठेवला. वरचा थर चांगला घट्ट लागला. दुसरा पाय ठेवला, दोन पावलं गेलो, बांबू खुपसला.

तो थर म्हणजे नुसता पापुद्रा होता. खाली पोकळी झाली होती. मी क्षणात छातीपर्यंत खाली गेलो आणि चारी बाजूंचं धान माझ्याभोवती येऊन बसलं. मी ओरडलो. मिलच्या आवाजात माझं ओरडणं मलाच नीट ऐकू आलं नाही. आणि नळातून वरून धान पडतच होतं. मावशी खाली आपलं काम चोख करत होती. एकेक डबा पालथा होत होता आणि माझ्या खांद्यावर, मानेवर, तोंडावर येत होता.

धानात रुतलेल्या माणसाला सगळ्यात आधी श्वास कळतो. श्वास सोडला की छाती जेवढी आत जाते तेवढं धान पुढे सरकतं, मग तेवढी छाती परत फुगवता येत नाही. प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा लहान. मी हनुवटी वर धरली होती. एक हात वर राहिला होता, त्यानं तोंडासमोरचं धान लोटत होतो. मला आईची आठवण आली असं लिहायला बरं वाटलं असतं. मला फक्त माझे बूट आठवत होते, ते इतके जड लागत होते.

आणि नळ बंद झाला.

आधी धान पडायचं थांबलं. मग डब्यांचा आवाज थांबला. मग पुढच्या शिडीवरून कोणीतरी धापा टाकत चढत असल्याचं ऐकू आलं. टाकीच्या काठावर मावशीचं तोंड दिसलं.

"बाबू, माझ्याकडं पाह्य. हलू नको. पाय झाडू नको. जितका हलशील तितका खाली जाशील."

तिनं काठावर पडलेली एक लांब फळी आडवी टाकली, तिच्यावर पालथी झोपली आणि तिथलाच दोर माझ्या काखेतून घालून वरच्या तुळईला बांधला. ओढला नाही, नुसता ताणून धरला. तोवर खाली गलका झाला होता. मुकादमाचा आवाज आला, "मावशी, खालची झडप उघडतो! धान उतरलं का बाबू मोकळा होईल!"

तिनं मान वळवून इतक्या जोरात आरोळी ठोकली की ती माझ्या कानात आजही आहे. "झडपेले हात लावशील तर हात तोडून टाकीन! झडप उघडली का तो धानासंगं खाली जाईल! टोपली पाठवा वर. बाया पाठवा!"

अंगणात धान वाळवणाऱ्या बाया आल्या. शिडीवर पायरीपायरीला एकेक उभी राहिली. मावशी फळीवर झोपून माझ्या छातीजवळचं धान ओंजळीनं टोपलीत भरायची, टोपली हातोहात खाली जायची, रिकामी वर यायची. तास गेला, आणखी अर्धा तास गेला. मी मध्येच रडायला लागलो. ती म्हणाली, "रडू नको, श्वास वाया जाते." मग ती आपणहून बोलत राहिली. तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत मला आठवतं.

"तू ठोकत होता ते माझ्या हाताले मालूम पडत होतं. मले वाटलं मुकादम बाहेरून ठोकून राहिला. मग ठोकणं थांबलं. मी म्हटलं, आता बूट वाजतील शिडीवर. नाही वाजले." दोन ओंजळी भरून झाल्या. "मागच्याच्या टायमाले मले काहीच मालूम नव्हतं, बाबू. एलिव्हेटर नवा होता. मी खाली बसून जोरात सोडत होती. वर कोणी आहे म्हणून कोणी सांगतलंच नाही. मग समजलं तवा या लोकांनी झडप उघडली. अन् तो गेला खाली."

भिंतीतले पाच खिळे मला त्या वेळी समजले.

कमरेपर्यंत मोकळा झाल्यावर त्यांनी मला ओढून काढलं. एक बूट आतच राहिला. मी काठावर बसून नुसता श्वास घेत होतो. मावशी माझ्या शेजारी बसली, आणि तेव्हा तिचं लक्ष वर गेलं. थांबलेली पुली, तिच्यावर पालथे पडलेले दोनतीन डबे, धुळीनं माखलेला नळ. 

"एवढंच आहे वर?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी पातळ घेऊन गेलो. तिनं घेतलं. मी टाकीत उतरायच्या आधी बूट टांगायला लागलो, माझं पाहून बाकीचेही कुरकुर न करता टांगायला लागले. गोष्ट इथंच संपली असती तर मी ती आतापर्यंत शंभरदा सांगितली असती.

आठवड्यानं कारखाने तपासणारे अधिकारी येणार असल्याची खबर आली. कोणीतरी बाहेर बोललं होतं. शेठनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि एक टाइप केलेला कागद पुढे ठेवला. त्यात लिहिलं होतं की सुपरवायझर टाकीची पाहणी करत असताना खड्ड्यावरील मजूर स्त्रीने कोणतीही सूचना न देता धान सोडले, त्यामुळे अपघात घडला.

"शेठ, हे खोटं आहे," मी म्हणालो.

"मले माहीत आहे. पण तुझी चूक म्हटली तर तुझी नोकरी जाते. मिलची म्हटली तर मिल बंद होते, शंभर लोकं घरी बसतात. तिची म्हटली तर तिचं काय जाते? तिले मी काढणार नाही. माझा शब्द आहे. नुसतं कागदावर आहे हे."

मी सही केली. घरी दोन बहिणी लग्नाच्या होत्या, वगैरे कारणं मी पुढे स्वतःला पुष्कळ दिली. सही करायला मला फार वेळ लागला नव्हता, एवढं खरं.

शेठनी शब्द पाळला. तिला काढलं नाही. अधिकारी आले, चहा प्याले, कागद घेऊन गेले. त्यानंतर दोन दिवसांनी मी खड्ड्यापाशी गेलो तेव्हा ती टोपल्यावरून उठून उभी राहिली. ती कधी कोणासाठी उठत नसे.

"काय काम होतं साहेब?" ती म्हणाली. "सांगा."

मी तिथं आणखी वर्षभर होतो. तिनं मला पुन्हा कधी बाबू म्हटलं नाही. तिचा राग कुठंच दिसायचा नाही. फळी तशीच चालायची, खिळे तसेच भरायचे, माझे बूट ती पूर्वीसारखीच नीट टांगून ठेवायची. फक्त भाजीचा डबा माझ्याकडे सरकत नसे. मग मला वरठीला कारखान्यात नोकरी लागली आणि मी मिल सोडली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "चांगलं करा साहेब."

कारखान्यात सातआठ वर्षं गेली. लग्न झालं, मुलगी झाली, सायकल जाऊन मोटारसायकल आली. एके दिवशी आम्हाला सगळ्यांना एका खोलीत बसवून सुरक्षेचं शिक्षण दिलं. शिकवणाऱ्यानं एक लाल पाटी दाखवली. यंत्रात उतरणाऱ्या माणसानं आपल्या नावाची ही पाटी स्विचवर लटकवायची, आणि पाटी लटकते आहे तोवर कोणी स्विचला हात लावायचा नाही. ही पद्धत परदेशातून आली आहे, तो म्हणाला. मी उठून बाहेर गेलो. नळावर तोंड धुतलं. पुढच्या रविवारी मोटारसायकल काढली आणि तिच्या गावी गेलो.

मिलमध्ये तोवर नवं यंत्र आलं होतं, फळीवर माणूस लागत नव्हता. मावशी घरीच होती. भाच्याच्या ओसरीवर बसून भेंड्या वाळत घालत होती. थकली होती. डोकं आता धुळीशिवाय पाहिलं, सगळं पांढरं होतं. तिनं मला ओळखलं, पाट दिला. मी पाटावर बसलो आणि सरळ सांगून टाकलं. कागदावर काय होतं, मी सही कशी केली.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "मले वाचता येत नाही. पण ज्याईले येते ते हसत हसत वाचून दाखवतात."

 मी म्हणालो की मी आता खरं लिहून द्यायला तयार आहे, कुठंही, कोणालाही.

तिनं हातातली भेंडी खाली ठेवली. "तुमचं राहू द्या. तुम्ही जिते आहात. पहिल्याचाही कागद असाच झाला होता साहेब. त्यात लिहिलं होतं का तो दारू पिऊन वर चढला. तो पीत नव्हता. बारा दिवस होता मिलमध्ये, रोज माझ्याजवळ बसून भाकर खायचा." तिनं भेंडी पुन्हा हातात घेतली. "सुखदेव नाव होतं. एकोडीचा. त्याची माय आहे अजून, बाजारात एकोडीच्या बाईनं सांगतलं. मी दोनदा निघाली होती तिच्याकडं. साकोलीपर्यंत गेली, अन् वापस आली."

मी भाच्याच्या मुलीकडून वहीचा एक कागद मागून घेतला. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. सुखदेव दारू पीत नव्हता. मुकादमानं पाठवलं म्हणून तो टाकीत उतरला. तो वर असल्याचं खाली कोणाला सांगितलं गेलं नाही. शेवटी मी माझ्या मनानं लिहिलं, खालून धान सोडणं चालू होतं. तिला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं, मान हलवली आणि आत जाऊन धुतलेलं लुगडं नेसून आली.

"चला," ती म्हणाली. "आता तुमच्यापाशी गाडी आहे."

ती मोटारसायकलवर पहिल्यांदाच बसत होती. सबंध रस्ता तिनं माझा सदरा मागून घट्ट धरून ठेवला होता. साकोली आली. मी गाडी हळू केली. तिनं सदरा सोडला नाही, म्हणून मी पुढे गेलो.

एकोडीत घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात एक फार म्हातारी बाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी सांगितलं की आम्ही सुखदेवबद्दल आलो आहोत. तिचे हात थांबले. मी कागद वाचला. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून जवळ बसून, मोठ्यानं, दोनदा वाचला.

"पिऊन नव्हता," म्हातारी म्हणाली.

"नव्हता, आजी."

"मी सांगत होती सगळ्याईले. त्याच्या बापानं मरेपर्यंत मानलं नाही." तिनं पदरानं तोंड पुसलं. मग तिची नजर मावशीकडे वळली. मावशी अंगणाच्या कडेला उभी होती, आत आलीच नव्हती. "ही बाई कोण वं?"

मी सांगायला तोंड उघडलं. मिलमध्ये सोबत कामाला होती, असं काहीतरी मी म्हणणार होतो. मावशीनं मला बोलू दिलं नाही. ती पुढे आली आणि म्हातारीच्या समोर मातीवर बसली.

"मी खाली होती, माय," ती म्हणाली. "त्याच्या अंगावर जे धान पडत होतं, ते मी सोडत होती."

म्हातारीला ऐकू गेलं की नाही ते मला आधी कळेना. ती मावशीच्या तोंडाकडे पाहत राहिली. मावशीनं मान खाली घातली नाही. कोंबड्या सुपाजवळ आल्या होत्या, त्यांना हाकलायचंही कोणाला सुचत नव्हतं. मग म्हातारीनं सूप मांडीवरून उतरवलं, मावशीचा हात धरून उठली, आणि तो हात न सोडता दाराशी जाऊन आत हाक मारली.

"सूनबाई, पाणी आण वं. अन् भात टाक दोघाईचा. दुरून आले."